समाजशास्त्राला किती मार्क?

पेपर तपासणाऱ्या माणसाला किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. गठ्ठा समोर असतो, लाल पेन सरसर चाललेलं असतं आणि मधेच ते थांबतं. थांबलं की समजायचं, एक किस्सा निघाला.

मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात एफ.वाय.बी.ए.ला समाजशास्त्र शिकवायचे. ऐंशीनंतर दोन-तीन वर्षांत लागले आणि पुढचं सगळं दशक तिथेच होते. डिपार्टमेंट म्हणजे दोनच माणसं, हेड कारखानीस सर आणि मी. सर बदलापूरहून यायचे, मी अंबरनाथहून. मुलांना वर्षभरात नेमकं काय समजलं हे शोधून काढणं हे आमचं काम, आणि ते मला चांगलं जमतं याबद्दल माझ्या मनात अजिबात शंका नव्हती.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. ‘समाज म्हणजे काय?’ असा सोपा प्रश्न मी टाकला होता. सामाजिक संबंधांचं जाळं, एवढं लिहिलं तरी मार्क द्यायचे असं ठरवलेलं. पहिला पेपर उघडला. ‘समाज म्हणजे सामाजिक संबंधांचे गाळे.’ हसले आणि खाली लाल रेघ मारली. दुसऱ्या पेपरात गाळे. तिसऱ्यात गाळे. अर्ध्या वर्गाने गाळे लिहिलेले. शेवटी पोरं वापरतात ते गाईड कोणाकडून तरी मागवलं, तेव्हा कळलं की चूक छापणाऱ्याची होती आणि पोरांनी ती इमानदारीत पाठ केली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सगळ्यांना चांगलं फैलावर घेतलं. वाचताना डोकं वापरता की नाही, समाजात गाळे कुठून आले, असं बरंच बोलले. हरेश नावाचा सिंधी मुलगा होता, त्याच्या वडिलांचं उल्हासनगरातल्या कॅम्प दोन या भागातल्या मार्केटमध्ये कापडाचं दुकान. तो शांतपणे उभा राहिला.

“मॅडम, गलत क्या है? गाळा एकाचा असतो, भिंत दोघांची असते.”

मी त्याला खाली बसायला सांगितलं. स्टाफरूममध्ये येऊन सरांना हे सांगितलं, तेव्हा सरांनी विचारलं, त्या मुलाला किती दिलेत? मी म्हटलं, शून्य. त्या दिवशी सरांनी चहा एकट्यानेच घेतला.

* * *

त्यानंतर सरांनी एक पद्धत सुरू केली. जूनमध्ये पहिल्या तासाला पाच प्रश्न द्यायचे, उत्तरं घेऊन कपाटात ठेवायची. मार्चमध्ये तेच पाच प्रश्न पुन्हा द्यायचे आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघायचे. मला ही पद्धत फार आवडली. कोण किती पुढे आलं ते स्पष्ट दिसायचं.

एका मुलाचे कागद माझ्यापुढे आले. गरिबीचं मुख्य कारण काय, या प्रश्नाला जूनमध्ये त्याने एका शब्दात उत्तर दिलं होतं, ‘आळस’. मार्चमध्ये त्याने लिहिलं होतं, ‘आता नक्की सांगता येत नाही.’

मी शेरा लिहिला, प्रगती नाही. सरांनी तो कागद उचलला, माझा शेरा खोडला आणि त्याला वर्गात सगळ्यात जास्त मार्क दिले. आमचं यावरून चांगलंच वाजलं. न आलेल्या उत्तराला मार्क कसे द्यायचे, हा माझा मुद्दा. सर म्हणाले, “बाई, त्याचे वडील, आई, शेजारी आणि तो स्वतः, सगळ्यांचं मत आळस असं होतं. त्यातून बाहेर यायला त्याला नऊ महिने लागले.”

* * *

कुटुंबाच्या प्रकरणावर ट्युटोरियल होतं. आपलं कुटुंब संयुक्त की विभक्त ते सकारण लिहा. कॅम्प चारमधल्या एका मुलीने लिहिलं, ‘चूल विभक्त, टीव्ही संयुक्त.’ कारणही दिलं होतं. जुन्या लष्करी बरॅकीत तिघा भावांच्या ओळीने खोल्या, तिघांचा स्वयंपाक वेगळा, जावा एकमेकींशी बोलत नाहीत. पण टीव्ही एकच, तो मधल्या खोलीत. रविवारी सकाळी सगळे मांडीला मांडी लावून बसतात आणि कार्यक्रम संपला की पुन्हा अबोला.

असा प्रकार पुस्तकात नव्हता. मी अर्धा मार्क कापला आणि सरांना दाखवायच्या आधीच पुन्हा दिला. मी सुधारत चालले होते म्हणायचं.

* * *

निरीक्षण कसं करायचं हे मुलांना यावं म्हणून मी त्यांना अंबरनाथच्या शिवमंदिरात पाठवायचे. तासभर बसा आणि लोकांच्या वागण्यात काय दिसतं ते लिहा. तिथल्या सरकारी फॅक्टरीतल्या एका ऑफिसरची मुलगी होती, मुग्धा. फार हुशार, अक्षर मोत्यासारखं. तिने चार पानं लिहून आणली. कोरीव काम, दगड, शिखर, सगळं होतं. माणूस एकही नव्हता. मी वही परत दिली आणि खाली लिहिलं, ‘देवळात कोणी आलं नव्हतं का?’

ती रडवेली झाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिची वही परत आली होती. पण पुढच्या सोमवारी ती पुन्हा गेली आणि या वेळी गाभाऱ्याकडे न जाता बाहेर, चपला काढतात तिथे बसली. या खेपेला अर्धंच पान आलं. नवी चप्पल घातलेली माणसं एक चप्पल या टोकाला काढतात आणि दुसरी त्या टोकाला, जुनी चप्पल असलेली माणसं जोडी एकत्र ठेवतात, असं तिने मोजून लिहिलं होतं. शेवटचं वाक्य होतं, ‘आत सगळे डोळे मिटतात, बाहेर कोणीच मिटत नाही.’

त्या पानावर मी काही लिहिलं नाही. पूर्ण मार्क देऊन वही पुढे सरकवली.

* * *

आता वेणूचं सांगते.

वेणू बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरून यायची. आधी चालत, मग एसटीने बदलापूर, तिथून पुढे कॉलेज. शेवटच्या बाकावर बसायची आणि तोंड उघडायची नाही. पहिल्या चाचणीला ती गैरहजर, म्हणून मी शून्य दिलं. दुसऱ्या चाचणीत ‘सामाजिक नियंत्रण म्हणजे काय?’ या प्रश्नाखाली तिने कोरी जागा सोडली होती. चाचण्यांचे मार्क असे गेले, तर तिचं वर्ष जाणार होतं. मी सरांना सांगितलं की माझा नाइलाज आहे. सर म्हणाले, तोंडी घेऊ, ते आपल्या हातात आहे.

वेणू स्टाफरूममध्ये येऊन उभी राहिली. मी सामाजिक नियंत्रणाचा तोच प्रश्न दोनदा विचारला. मग सरांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि पहिल्या चाचणीला का आली नाहीस, असं सहज विचारलं.

“भाताची लावनी होती, सर.”

घरची का, असं सरांनी विचारलं. ती म्हणाली, नाही, लोकांची. आणि मग हळूहळू बोलू लागली. पाड्यावरची कोणतीच मुलगी आधी कॉलेजला गेली नव्हती. ती जायला लागली तेव्हा कोणी अडवलं नाही, कोणी भांडलं नाही. पण पाड्यावर सगळे एकमेकांच्या शेतात लावणीला जातात, तसं त्या पावसाळ्यात तिच्या आईला कोणी बोलावलंच नाही. त्यांच्या शेतावरही कोणी आलं नाही.

“कोन काय बोलला नाय. फक्त आयेला बोलवला नाय.”

मग वेणूने आठवडाभर कॉलेज बुडवलं आणि न बोलावता एकेकाच्या शेतात जाऊन लावणी केली. पहिले दोन दिवस तिच्याशी कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी एका म्हातारीने तिला भाकरी दिली. आता आईला बोलावतात, असं ती म्हणाली. आणि लगेच म्हणाली की प्रश्नाचं उत्तर मात्र पाठ करायचं राहिलं, चुकलं.

मी मार्कांचा तक्ता पुढे ओढला आणि तिच्या नावापुढचं शून्य खोडलं. सरांनी पुस्तक उघडलं आणि सामाजिक नियंत्रणाची व्याख्या तिला सावकाश वाचून दाखवली. समूहातल्या व्यक्तींनी ठरलेल्या रीतीने वागावं म्हणून समूह जो दबाव आणतो तो, अशा अर्थाची. तिने ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग उठून उभी राहिली.

“म्हंजे याला नाव हाय,” ती म्हणाली. “आयेला सांगते.”