तेलावर आलेला आळ

एल्डन हावलिकला कुणी विचारलं, "एल्डन, गाडीत तेल कुठलं घालू?" की पुढचा अर्धा तास गेलाच म्हणून समजा. आधी तो टोपी मागं सारायचा, मग खिशातून चष्मा काढायचा आणि समोर जी बाटली असेल ती फिरवून म्हणायचा, "तेल बाटलीच्या पाठीवर वाचायचं असतं. पोटावर नुसती चित्रं."

पाठीवर तेलाच्या दर्जाचा एक छोटा गोल शिक्का असतो. तो शिक्का असला, गाडीच्या पुस्तकातला तेलाचा नंबर जुळला आणि तीन हजार मैलांनी न चुकता तेल बदललं, तर मोठ्या दुकानानं स्वतःचं नाव चिकटवून विकलेलं स्वस्तातलं तेलही इंजिनाला भरपूर झालं, असं त्याचं म्हणणं. "इंजिन तेलानं मरत नाही, आळसानं मरतं." आमच्या वेसेली गावच्या शाळेच्या नऊ पिवळ्या बसगाड्या त्यानं याच तेलावर चालवल्या. स्वतःचा हिरवा पिकअप तर दोन लाख अकरा हजार मैल. नेब्रास्कातल्या जानेवारीत, जेव्हा गावातल्या निम्म्या गाड्या सकाळी नुसत्या खोकत बसायच्या, तेव्हा तो पिकअप पहिल्या किल्लीला उठायचा. याचा एल्डनला इतका अभिमान होता की बायको म्हणायची, "लग्नाच्या वाढदिवसापेक्षा याला तेलाची तारीख बरी आठवते."

सकाळी सहाला बर्निसच्या कॅफेत सगळ्यांचा अड्डा भरायचा. तिथं मर्ल कुबिचेक हमखास असायचा. मर्लचा पेट्रोलपंप होता आणि तो नावाजलेल्या कंपनीचं महागडं तेल विकायचा. त्यामुळे दोघांचं रोज वाजायचं आणि दोघांना एकमेकांवाचून करमायचंही नाही.

"काय रे एल्डन, आज बटाटे तळून उरलेलं घातलंस का पिकअपमध्ये?"

"तुझ्या पंपावरची कॉफी घालणार होतो लेका, पण इंजिनाची दया आली."

एकदा एल्डननं पिकअपची तेल मोजायची पट्टी थेट कॅफेत आणून पांढऱ्या कागदी रुमालावर पुसली आणि सगळ्यांना रंग दाखवत फिरला. बर्निसनं दोघांनाही झाडू घेऊन बाहेर काढलं होतं. दहा मिनिटांनी दोघं परत आले आणि खसखशीची कोलाची, म्हणजे आमच्याकडची गोड भरलेली पावरोटी, अर्धी अर्धी वाटून खाल्ली. ते दिवस आठवले की मला अजून त्या कॉफीचा वास येतो.

मी तेव्हा तिथं मागं भांडी घासायचे. माझा नवरा रॉन ओमाहातल्या एका केस कापणाऱ्या बाईबरोबर निघून गेला होता. मागं ठेवली ती पाच वर्षांची टीना आणि एक खडखडणारी गाडी.

आमच्या चर्चमध्ये ईस्टरआधीचा एक शनिवार तेलाचा असे. त्या दिवशी गावातले पुरुष विधवांच्या आणि एकट्या बायकांच्या गाड्यांचं तेल फुकट बदलून देत. बायका कोलाची घेऊन बाकांवर बसत. सगळा कारभार एल्डनचा, त्यामुळे तेल अर्थातच स्वस्तातलं. पहिल्या वर्षी मी ताटली हातात धरून उभी होते आणि लाजेनं मेले होते. नवऱ्यानं टाकलेली म्हणून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. एल्डन तेवढा गाडीखालून ओरडला, "अगं लॉइस, बघायचंच असेल तर खाली ये! उभ्यानं काय दिसणार?"

मी ताटली ठेवली आणि खाली गेले. दोन वर्षांनी त्याच शनिवारी मी चार-चार गाड्या करत होते. पुरुषांना ते फारसं रुचलं नव्हतं, पण एल्डनपुढं बोलणार कोण?

त्याच वसंतात, म्हणजे एकोणीसशे नव्वद साली, त्यानं शाळेच्या बस गॅरेजात, जिथं तो मुख्य होता, मदतनीस म्हणून माझं नाव सुचवलं. त्या नोकरीला आरोग्य विमा होता. टीनाचे कान वर्षभर वाहत होते, डॉक्टर म्हणाले होते ऑपरेशन करा, आणि भांडी घासणाऱ्या बाईला विमा कोण देतो? त्यावर शाळेच्या मंडळाचं मतदान तेलाच्या शनिवारनंतर दोन आठवड्यांनी होतं. मंडळावर मर्ल होता. "बाई आणि बसचं इंजिन? एखादी चूक झाली तर पोरं रस्त्यात अडकतील," असं तो उघड म्हणत होता.

चूक मी केली. तेलाच्या फिल्टरच्या तोंडाला एक रबरी रिंग असते. जुना फिल्टर काढला की कधीकधी ती इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावरच नवा फिल्टर बसवला तर दोन रिंगा होतात. दोन-चार दिवस तग धरतात, मग सगळं तेल फवारा उडावा तसं बाहेर जातं. एल्डन दर वर्षी सगळ्यांना बजावायचा, "डोळ्यांवर विसंबू नका, बोट फिरवा." त्या शनिवारी मी म्हाताऱ्या अग्नेस वाव्राच्या गाडीखाली असताना कुणीतरी वरून म्हणालं, "लॉइस, आमच्या घरची भांडीही पडलीत हं." मी सोडते की काय! खालूनच त्याच्या सात पिढ्या काढल्या. आणि त्या नादात बोट फिरवायचं राहिलं.

बुधवारी एल्डन कॅफेच्या मागच्या दारात आला. "हात पूस. अग्नेसची गाडी बंद पडलीय. मी साखळीनं ओढतो, तू स्टिअरिंग धर."

अग्नेस रस्त्याच्या कडेला पर्स छातीशी धरून उभी होती. "लाल दिवा लागला होता रे," ती म्हणाली, "पण तो माझ्या गाडीत अधूनमधून लागतोच." इंजिन जाम झालं होतं.

एल्डनच्या गोठ्यात गाडी आणली. तो खाली गेला, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर एकमेकींना चिकटलेल्या दोन रिंगा होत्या. त्यानं रिंगा खिशात टाकल्या आणि गळतीची खूण राहू नये म्हणून रॉकेलचं फडकं घेऊन गाडीचा तेलानं माखलेला तळ पुसून लख्ख केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅफेत मर्लनं विचारलंच. "अग्नेसचं इंजिन गेलं म्हणे. तेल कुठलं होतं?"

"स्वस्तातलं," एल्डन म्हणाला.

"मग?"

"मग काय? भिकार निघालं. तू म्हणत होतास तेच खरं, मर्ल."

मर्लसुद्धा गांगरला. मी मागच्या खिडकीतून ऐकत होते, हातांना साबण होता. बाहेर जाऊन चार शब्द बोलायला तीन पावलं पुरली असती. मी गेले नाही. आयुष्यात मी पुष्कळ वाईट वागले असेन, पण याची लाज मला सगळ्यात जास्त वाटते.

मंडळाच्या बैठकीत मर्लनं माझ्या बाजूनं हात वर केला. जिंकलेला माणूस उदार असतो. त्यानं पंपावर स्वस्त तेलाची एक रिकामी बाटली काळी रिबन बांधून ठेवली आणि खाली एल्डनचं नाव लिहिलं. शाळेला तेल त्याच्याकडूनच यायला लागलं. पुढच्या वर्षी चर्चमध्ये तेल ओतायलाही मर्लच उभा. एल्डन येता-जाता ती बाटली बघायचा, हसण्यावारी न्यायचा, पण कॅफेत पुन्हा कुणाला तेलाविषयी काही सांगितलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मर्लला विचारा."

भंगारातून दुसरं इंजिन आणून आम्ही दोघांनी अग्नेसच्या गाडीत बसवलं. ते करताना मी एकदाच विचारलं, "का केलंत हे?"

तो पाना शोधत म्हणाला, "तेलाला कानाचा डॉक्टर लागत नाही. टीनाला लागतो. तो अर्ध्या इंचाचा पाना दे."

टीनाचं ऑपरेशन झालं. मी गॅरेजात राहिले, एल्डन निवृत्त झाल्यावर तिथली मुख्य झाले. अग्नेस गेली, बर्निसचा कॅफे बंद पडला, मग मर्लही गेला. मर्लच्या जागी पंपावर कुणी आलं नाही, तेव्हा मी बसगाड्यांत पुन्हा स्वस्तातलं तेल घालायला लागले. काही बिघडलं नाही.

एल्डन सत्त्याऐंशीचा झाला तेव्हा वृद्धाश्रमात होता. माणसं विसरला होता. मी दर रविवारी जायचे आणि दर रविवारी मी त्याला नवी असायचे. एकदा माझ्या हातातली किल्ली बघून तो म्हणाला, "बाई, तुमची गाडी आहे?"

"आहे."

"मग ते दुकानाच्या नावाचं स्वस्त तेल घालू नका. फार वाईट. एका विधवेची गाडी गेली त्यानं."

मला वाचवायला बोललेलं खोटं तेवढं त्याच्यापाशी उरलं होतं, आणि आता ते त्याला खरं वाटत होतं.

"नाही एल्डन," मी म्हणाले. "तेल चांगलं होतं. फिल्टरला दोन रिंगा होत्या. गाडीखालच्या बाईनं बोट फिरवलं नव्हतं."

त्यानं माझ्याकडं टक लावून पाहिलं. "दोन रिंगा?"

"दोन."

"म्हणजे तेल चांगलं होतं?"

"एकदम चांगलं होतं."

तो असा हसला, असा हसला की नर्स धावत आली. तिचा हात धरून सांगायला लागला, "ऐकलंस का? तेल चांगलं होतं! मी सांगतच होतो!" मी रडत होते आणि हसतही होते. ती बाई मीच, हे सांगायला मी तोंड उघडलं.

तेवढ्यात त्याचं हसू थांबलं. तो माझ्याकडं वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "त्या बाईची नोकरी गेली नाही ना यावरून?"

"नाही. अठ्ठावीस वर्षं होती ती तिथं."

"बरं झालं," तो म्हणाला. मग त्यानं दाराकडं एकवार पाहिलं. "पण मर्लला सांगू नका हं."