तब्येतीचे मास्तर

प्रकृतीची इतकी काळजी घेऊन घरच्यांची प्रकृती बिघडवणारा माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, गंगाखेडला शाळामास्तर होते. रिटायर झाले, वर्ग सुटला, तेव्हा त्यांनी गावाची तब्येत हाती घेतली. त्यांची अर्धी भाकर चावून होईस्तोवर माझी भांडी घासून व्हायची. दिसेल त्याची ते जीभ तपासायचे. नणंदेला पाहायला आलेल्या मंडळींनाही त्यांनी चहाआधी जिभा काढायला लावल्या. स्थळ गेलं. "बरं झालं," मामा म्हणाले, "पोराच्या बापाचंच पोट साफ नव्हतं."

पहाटे गोदावरीपर्यंत चालत जायचा नेम मात्र त्यांनी कधी मोडला नाही. मग मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायच्या वादाचे, नामांतराचे दिवस आले. आम्ही बौद्ध. खेड्यांतून घरं जाळल्याच्या बातम्या येत होत्या, वस्तीत कुणाला धड झोप नव्हती. माझ्या नवऱ्यानं मामांच्या चपला लपवल्या. मामा आठ दिवस अंगणातच फेऱ्या मारत राहिले. शेवटी कोंबड्यांनी अंगण सोडलं. नवव्या दिवशी ते अनवाणीच निघून गेले. ऊन चढलं तरी पत्ता नाही. नवरा सायकल काढून शोधायला गेला. मी दारात उभी. तव्यावरची भाकर करपली तेही कळलं नाही.

अखेर मामा आले. सोबत काठी टेकत वरच्या आळीतले एक म्हातारे शेतकरी. रोज नदीवर भेटणाऱ्या ज्या तात्यांचं मामा सांगायचे, ते हेच. इतक्या वर्षांत ते आमच्या वस्तीत कधी आले नव्हते.

"मामा, जीव टांगणीला लागला होता आमचा!"

"अगं, याला बीपी हाय. आठ दिवस खाटेवरून हलला न्हाई. घरी जाऊन उठवलं."

"त्यांच्या गल्लीत गेलात? आत्ता?"

तात्या हसले. "माझी पोरं दारात आडवी आली, तर मास्तर त्यांनाच म्हणले, जीभ दाखवा! पण बाई, परत एकट्याला कसं सोडावं? म्हणून आलो."

मी चहा टाकला. कप पुढं केला; आमच्या घरचा घेतील का? तात्यांनी एकवार रस्त्याकडं पाहिलं, कप घेतला आणि घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "साखर कशाला घातली? मास्तरनं बंद केलीय."

पुढं गाव निवळलं. दोघं बरीच वर्षं चालले. तात्या गेल्यावरही मामा पहाटे निघायचे, पण चौकातूनच परतायचे. "गुडघे दुखायलेत," म्हणायचे. गुडघे ठणठणीत होते, हे मला ठाऊक होतं. तरी मी शेकायला पाणी तापवून द्यायची.