दार धरून ठेवणाऱ्या चार ओळी

आमच्या समोरच्या दारातला माणूस दिवसभर खोडत बसतो. लिहिण्याचा पगार घेणारे पुष्कळ पाहिले, खोडण्याचा घेणारा हा एकच. म्हणून मी त्याचं नाव ठेवलं छाटणीसाहेब. आता चिडली की त्याची बायकोसुद्धा तेच म्हणते.

त्याचं काम त्याने मला एकदा जिन्यात समजावलं होतं. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर असतो. उतरवताना तो प्रोग्रामवरून बऱ्याच फेऱ्या मारतो. त्यातली साहेबाची फेरी बिनकामाच्या ओळी गाळते, म्हणजे ज्यांच्या उत्तराकडे पुढे कोणी ढुंकून बघत नाही अशा. मी म्हटलं, मग आमच्या घरात पहिला मीच गळणार. तो खूप हसला.

गेल्या महिन्यात लिफ्टला नवा कंट्रोल बोर्ड बसला आणि दार उघडल्या उघडल्या मिटायला लागलं. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई पिशवी सावरत आत शिरत होत्या. दाराने ढकललं, त्या पडल्या, मनगट मोडलं. बोर्ड बसवला होता मिस्त्रींनी. अठरा वर्षं आमची लिफ्ट तेच बघतात. रविवारी सभा घेऊन त्यांना काढायचं, असं घाटत होतं.

त्यात माझाही हात होता. मिस्त्रींचे डोळे गेलेत, वायर एकीकडे आणि हात भलतीकडे, असं मीच मजल्यामजल्यावर सांगून आलो होतो. एक डोळा मिटून त्यांची नक्कल करायचो. लोक पोट धरून हसायचे.

बुधवारी साहेब बोर्डावरच्या चिपचं नाव वाचताना दिसला. गुरुवारी माझ्याकडे आला तो चेहरा पाडूनच. त्या चिपचा कंपायलर त्याच्याच कंपनीचा निघाला. बुधवारीच लिफ्टच्या कंपनीत फोन करून त्याने दाराच्या ओळी वाचून घेतल्या होत्या. चारच ओळी. शून्यापासून एका मोठ्या आकड्यापर्यंत नुसतं मोजायचं. त्या मोजण्याचं पुढे काहीच करायचं नव्हतं, पण मोजण्यात जेवढा वेळ जाई तेवढा वेळ दार उघडं राही. साहेबाच्या फेरीला ते बिनकामाचं वाटलं. तिने गाळलं.

"नियमाने चूक त्यांचीच आहे, काका," तो म्हणाला. "ओळ मुद्दाम ठेवली आहे असं सांगायची सोय असते, ती त्यांनी वापरली नाही. पण काय काय गाळलं त्याची यादी आधी छापून यायची. कोणी वाचत नाही म्हणून ती मीच बंद केली."

मी काय सांगायला हवं होतं? जा आणि मिस्त्रींना सांग, एवढंच. मी म्हटलं, नियमाने चूक नाही ना, मग गप्प बस. माझी गोष्ट सहा मजले फिरून आली होती, ती आता परत कशी घेणार?

रविवारी खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि कोणी मागायच्या आत लिफ्टच्या खोलीच्या किल्ल्या टेबलावर ठेवून उभे राहिले. मागून कोणीतरी मला कोपराने ढोसलं, करून दाखव ना म्हणालं. माझी मान वर होईना.

साहेब उठला. "दार मिस्त्रींमुळे बिघडलं नाही, माझ्यामुळे बिघडलं. आणि हे मला बुधवारपासून माहीत आहे."

मग त्याने त्या चार ओळींचं आणि बंद केलेल्या यादीचं सगळं सांगितलं. कंपायलर कोणाला कळला नाही. पहिल्या रांगेत प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंना कळला. "म्हणजे काय खोडलं ते न दाखवताच तू मुलाला वही परत दिलीस."

"हो, बाई."

मिस्त्री कामावर राहिले. किल्ल्या उचलताना ते साहेबाला हळूच म्हणाले, "बुधवारीच बोलला असतात तर बरं झालं असतं. मी काल घरी सांगून बसलो, माझे डोळे गेले म्हणून. इतके लोक म्हणतात तर खरंच असेल, असं वाटलं मला."

साहेबाने मान खाली घातली. पण ते माप त्याच्या पदरात पडायचं नव्हतं, माझ्या होतं. मी उठलो नाही.

साहेबाने ती यादी पुन्हा सुरू केली आहे. लिफ्टच्या कंपनीने त्या चार ओळींवर मुद्दाम ठेवल्याची खूण केली, आणि दार आता व्यवस्थित थांबतं. मी राहतो पाचव्या मजल्यावर, आणि लिफ्टपाशी मिस्त्री दिसले की जिन्याने जातो.