शेजाऱ्याचा भूकंप

भोपाळला कारखान्याच्या कॉलनीत आमच्या भिंतीला भिंत लागून जे ग्वाल्हेरकर नावाचे शेजारी राहायचे, त्यांचा मी अगदी मनापासून मत्सर करायचो. माणूस हिशेब खात्यातला, विजेतलं ओ की ठो कळत नसलेला. पण गच्चीवर तार ताणून त्यानं ती जुन्या रेडिओला जोडली आणि जाहीर केलं, की भूकंपाआधी जमीन लहरी सोडते, आणि त्या आपल्याला ऐकू येतात. झालं! संध्याकाळी अख्खी कॉलनी त्याच्या अंगणात. आमची बायकोही, चहाचा थर्मास घेऊन. मला मात्र घरात चहा मागावा लागायचा.

मी टेस्टिंगमधला इंजिनिअर. कारखान्यात मोठ्या ट्रान्सफॉर्मरची चाचणी असली की कॉलनीतले रेडिओ खरखरतात, हे मला पाठ. तेच मी सगळ्यांदेखत सांगितलं. तर हा ग्वाल्हेरकर हसून म्हणतो, "साहेब, तुमचंच बरोबर असेल. पण काळजी घेतली तर बिघडतं काय?" लोकांनी माना डोलावल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

एका शनिवारी खरखर फारच वाढली. तो दारोदार सांगत सुटला, उद्या दुपारी कोणी घरात थांबू नका. रविवारी सगळे मैदानात, कडुनिंबाखाली सतरंज्या टाकून. बायको म्हणाली, "अहो, चला ना."

"काल चाचणी मीच केली. काही होत नाही," मी म्हटलं. ती जराशी दारात थांबली आणि गेली. मी पंख्याखाली पेपर उघडून बसलो. मैदानातून हसणं ऐकू येत होतं, आणि पेपरातलं अक्षर डोक्यात शिरत नव्हतं.

अर्थात काही झालं नाही. फडताळातलं भांडंसुद्धा वाजलं नाही. म्हटलं, जिरली एकदाची. कसलं काय! सोमवारी सकाळी लोक त्याच्याच दारात पोहे-जिलेबी घेऊन हजर. "भाईसाब, अगली बार भी बता देना."

मी तणतणत घरात आलो. बायको थर्मास विसळत होती.

"बरोबर कोण निघालं? सांग ना."

"तुम्हीच," ती म्हणाली. "पण छत पडेल असं त्यांना वाटलं, तेव्हा पहिलं दार त्यांनी आपलं वाजवलं. मी भीतीनं गार पडून दारात उभी होते, तर तुम्ही पेपर उघडलात."

तोवर मी त्याच्या गर्दीवर जळत होतो. त्या दिवसापासून त्याच्यावर जळायला लागलो.