गोळीबरोबरचं दूध

तुमच्या आजोबांना कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली ती त्यांच्या थोरल्या भावाच्या मृत्यूनंतर. भाऊ हार्ट अटॅकने गेले, म्हणून मी आजोबांचं रक्त तपासून घेतलं आणि मंचरच्या डॉक्टरांनी रोज जेवणानंतर एक गोळी लिहून दिली. काही महिन्यांत कोलेस्टेरॉल उतरलं. वजन मात्र चढत गेलं.

ही बातमी घरात आली मार्केट यार्डातून. कांद्याच्या गोण्यांचं वजन झालं आणि त्यातून बारदानाचं, म्हणजे रिकाम्या गोणीचं, वजन वजा झालं की आजोबा गमतीने स्वतःही काट्यावर चढत. त्या दिवशी हमाल म्हणाला, "मालक, बारदानाचं वजन वजा करू का?" सगळे हसले. आजोबाही हसले, पण घरी येऊन गोळ्यांचं पाकीट त्यांनी माझ्यासमोर टाकलं.

"या गोळीनंच भूक वाढते. जेवून उठलो की पुन्हा पोटात कावळे ओरडतात. उद्यापासून बंद!"

मी घाबरले. भाऊंचं जाणं अजून ताजं होतं. "आधी डॉक्टरांना विचारू," म्हणाले आणि त्यांना घेऊनच गेले.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "भूक लागली, पोट भरलं, हे निरोप मेंदूला देणारी हार्मोन्स असतात. या गोळ्यांनी त्यांच्यात काही फरक पडतो का, यावर आमच्यातच एकमत नाही. पण आकडा खाली आला की पेशंट निर्धास्त होतो आणि ताट वाढतं, हे मी रोज बघतो. तुम्ही खाता काय?"

"दीड भाकरी. ही मोजून वाढते," आजोबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "मासवडीसुद्धा दोनच वड्या. मग गोळी आणि दूध."

"दूध?"

"गोळी गरम पडते ना! आई म्हशीचं दूध देते, तूप घालून. मोठा पेला."

डॉक्टर इतके हसले की बाहेरचे पेशंट डोकावले. मलाही हसू आवरेना. भाकऱ्या मोजणाऱ्या माझ्या हिशेबात ते दूध कधी आलंच नव्हतं. ते औषधातच धरलेलं होतं. डॉक्टरांनी बजावलं, "गोळी चालू ठेवा. दूध-तूप बंद."

परतताना आजोबा म्हणाले, "आईला कोण सांगणार? एक लेक गेला तिचा. त्या पेल्यात तिचा सगळा जीव आहे. त्यापेक्षा गोळीच सोडतो."

रात्री जेवणं झाली आणि सासूबाई पेला घेऊन आल्याच. आजोबा माझ्याकडे बघू लागले. मग मीच डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. सासूबाईंना पटेना.

"आगं, लई गरम असत्यात या गोळ्या. नुसत्या पाण्यानं न्हाई सोसायच्या."

"आई, गोळी सोसते त्यांना. तूप सोसत नाही."

त्यांनी विचारलं, "थोरल्याला व्हती का ही गोळी?"

"नव्हती."

त्यांनी पेला खाली ठेवला, माठातलं पाणी आणलं आणि आजोबांसमोर बसल्या. "घे. माज्यादेखत घे. आन् उद्यापास्नं रोज माज्यादेखत."

आजोबांनी निमूटपणे गोळी गिळली. पुढे वजन उतरलं, हळूहळू. मधेच भूक लागली तर काकडीवर भागवायचं. त्या पहिल्या रात्री मात्र मी पेला उचलायला गेले, तर सासूबाईंनी हात आडवा घातला.

"ऱ्हाऊ दे. मला कुठं गोळी हाय?" म्हणाल्या आणि तूप ढवळून सगळं दूध स्वतः पिऊन टाकलं.