बाची कूस

बाच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, बहीण खाडीपलीकडे दिलेली, भाऊ मुंबईला गोदीत कामाला. आता जिथं जुईनगर म्हणतात, त्या बाजूला आमचं गाव होतं. पुढच्या दारी गल्ली, मागच्या दारी खारातलं भाताचं शेत, शेताच्या टोकाला मातीचा बांध आणि बांधापलीकडे खाडी. महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं. माझं लग्न जमत नव्हतं, आणि बा पडल्यावर ते जमवायची कुणाला घाईही राहिली नाही.

बाचं उजवं अंग गेलं, वाचाही गेली. पनवेलहून आणलेला डॉक्टर जाताना मला म्हणाला, "पाठ लागू देऊ नका. सारखी कूस बदला." कशी बदलायची, ते सांगायला तो थांबला नाही. खबर ऐकून मुंबईहून आलेल्या भावानं लगेच करून दाखवलं. बाचा लुळा हात धरला आणि बसलेला बैल उठवावा तसा ओढला. बा असा कळवळला की भाऊ चार पावलं मागं सरला. दुसऱ्या दिवशी तो कामावर निघून गेला, आणि कूस बदलायचं काम माझ्याकडे आलं ते आलंच.

मग माझी मीच शिकले. आमच्या बाजेला झोळ पडला होता, त्यात माणूस रुतायचा. मिठागरावरच्या मोडलेल्या झोपडीचं दार आणून बाजेवर टाकलं, वर गोधड्या घातल्या. आईचं एक जुनं लुगडं घडी करून बाच्या खांद्यापासून मांड्यांपर्यंत खाली सरकवलं. बाला वर सरकवायचं तर बाला ओढायचं नाही, लुगडं ओढायचं. कुशीवर वळवायचं तर ज्या कुशीवर न्यायचं तिथं आपण उभं राहायचं. लुळा हात आधी मोकळा करून पुढे ठेवायचा, नाहीतर तो अंगाखाली सापडतो. पलीकडचा गुडघा वाकवायचा, एक हात खांद्यामागं, एक कमरेमागं, आणि दोन्ही एकदमच आपल्याकडे आणायचं. पाठीशी पेंढ्याची उशी, गुडघ्यांच्या मध्ये गोधडीची चौघडी. टाचा आणि माकडहाड लाल झालंय का ते बघायचं. बा हाडापेरानं मोठा होता, मी किरकोळ. पण त्याची पाठ मी लागू दिली नाही, याची मला आजही घमेंड आहे.

घरात घड्याळ नव्हतं. कौलातून आलेला उन्हाचा कवडसा भिंतीवर सरकला की मी उठायचे. "वळवते हां, बा," म्हणायचे. तो डोळे मिटायचा, म्हणजे हो. दिवसभरात आमचं बोलणं एवढंच. मी तेवढ्यासाठी कवडशाकडे बघत बसायचे, हे आता लिहायला हरकत नाही. बाईमाणसानं म्हाताऱ्या बापाला वळवण्याची वाट बघावी, इतकं ते घर गप्प होतं.

महिन्याभरानं बाच्या तोंडात एक शब्द परत आला. "बांध." बाकी काही नाही, तेवढाच.

सगळ्या गावाला आनंद झाला. आमच्याकडे बांध म्हणजे जीव. तो फुटला की खारं पाणी शेतात शिरतं, मग पीक जातं आणि पुढचे दोन-तीन पावसाळे जमीन धुवायला जातात. अवसेपुनवेच्या भरतीला बांधावर फिरून खेकड्यांची बिळं बुजवायचं काम बानं जन्मभर केलं होतं. तेव्हा शब्द परत येणार तर तोच येणार, असं सगळ्यांनी धरलं. जो तो दारातून डोकवायचा आणि सांगायचा, "दादा, बांध बरा हाय. कालजी नको." बा डाव्या हातानं बाजेची कड आपटायचा आणि पुन्हा म्हणायचा, "बांध." शेजारची काकी म्हणाली, "याचा जीव बांधाव अरकलाय, बाय. कुनाचा भरोसाच नाय याला." मग आलेला माणूस आणखी मोठ्यानं सांगायचा, जणू बाचे कानही गेलेत. बा चिडायचा. माणूस निघून जायचा. मला 'कशी आहेस' असं कुणी विचारलं नाही, कारण बांधाचं सांगून झालं की भेट संपायची.

भादव्याच्या अवसेच्या उधाणाला बांध खरंच फुटला.

पोटरीला आलेलं भात खाऱ्या पाण्याखाली गेलं. बा कोरड्या जागी होता, बाजेवरच्या त्या दारावर टाकलेल्या गोधड्यांवर, आणि त्याला काही कळलं नाही. भाऊ आला, गुडघाभर पाण्यात उभा राहून बघून आला, आणि ओटीवर मला म्हणाला, "बाला सांगू नको. ऐकला तर जाईल." गावानंही तेच ठरवलं. बांध नीट करायचा तर सगळ्या घरांतले गडी लागतात, आणि निम्मे गडी आता मुंबईत होते. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणून सगळे उठले. आणि दारातून डोकवणं चालूच राहिलं. "दादा, बांध बरा हाय."

त्या दिवसापासून वळवण्यात एक भानगड वाढली. बाची डावी कूस भिंतीकडे होती, उजवी मागच्या दाराकडे. उजव्या कुशीवर घेतलं आणि दार उघडं असलं तर समोर शेत. म्हणून त्या कुशीवर घ्यायच्या आधी मी मागचं दार लावायचे आणि अंधारात त्याला दाराच्या फळ्या बघायला ठेवायचे. तो उताणा असला की दार उघडं चालायचं. तेव्हा त्याला कौलांखेरीज काही दिसत नसे, आणि आपलं आपण वळणं त्याला जमत नव्हतं. माझी सगळी लपवाछपवी बाच्या त्या न वळण्यावर उभी होती.

दिवाळीला घरातला लाल तांदूळ संपला. नवा यायचा नव्हता. बाजारचा पांढरा भात कालवून मी त्याला भरवायला बसले. त्यानं ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तोंड उघडलं. तेव्हा मला रडू आलं. कुणापुढे रडायचं तर समोर बाच होता, म्हणून गिळलं.

पेंढा संपला तशी गाय बहिणीकडे पाठवायची ठरली. भाऊ तिला घेऊन गेला. मी गोठ्यातलं दावं सोडून घरात आणलं, गुंडाळून खुंटीला लावणार, तेवढ्यात बा म्हणाला, "बांध."

माझं डोकं फिरलं. "बरा हाय रे बांध," मी म्हटलं. "किती येला सांगू?"

त्यानं मान हलवली. डावा हात माझ्या हातातल्या दाव्याकडे केला. मग तोच हात छातीवरून पलीकडे नेऊन बाजेच्या उजव्या कडेवर थोपटला. "बांध," तो म्हणाला. चिडून नाही, पोराला सांगावं तसं.

मी दाव्याकडे बघितलं, बाजेकडे बघितलं. बा बांधाचं विचारतच नव्हता. तो म्हणत होता, बांध. दोर बांध. अख्खं गाव सहा-सात महिने त्याच्या दारात येऊन बांधाचा अहवाल देत होतं, आणि त्याला हवा होता हातभर दोर, धरायला. बांधावर जगणाऱ्या माणसांनाच अशी चूक जमते. मी हसायला लागले. बाच्या तोंडाचा चालता कोपराही वर गेला. त्या घरात आम्ही दोघं मिळून हसलो ते तेव्हाच.

दावं मी बाजेच्या उजव्या कडेला पक्कं बांधलं आणि टोकाला गाठ मारली. बानं डाव्या हातानं आधी आपला लुळा हात पुढे सारला, तसा मी सारायची तसाच. डावा गुडघा वाकवला. मग दावं धरून ओढलं आणि सगळा देह माझ्या हाताशिवाय उजव्या कुशीवर आला. मी हात पुढे करून तशीच उभी होते. आनंद झाला, नाही म्हणत नाही. पण कवडशाकडे बघायचं आता मला काम उरणार नाही, हेही तेव्हाच मनात आलं.

दुसऱ्या सकाळी चुलीचा धूर कोंडला म्हणून मी मागचं दार उघडलं, बा उताणा आहे हे बघितलं, आणि विहिरीवर गेले. इतक्या महिन्यांची सवय. हंडा डोक्यावर घेऊन अर्ध्या वाटेवर आले तेव्हा दावं आठवलं.

घरात शिरले तर तो वळलेला होता. दावं मुठीत, तोंड दाराकडे. दारात उन्हं आली होती आणि समोर कापणीचं भात असायचं तिथं भरतीचं पाणी चमकत होतं, थेट अंगणाच्या कुडापर्यंत. पाण्याच्या मधोमध एक बगळा उभा होता.

मी हंडा उतरवला. त्याच्या पाठीशी उशी लावली, गुडघ्यांत चौघडी घातली, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. मग त्याच्यामागं बाजेवर बसले. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता.

"बांध," बा म्हणाला. थोडं थांबून, त्या आजारात पहिल्यांदाच, त्यानं तो शब्द लागोपाठ दोनदा उच्चारला. "बांध बांध."

या खेपेला चुकायला जागा नव्हती.

"बांधते, बा," मी त्याच्या तोंडाकडे वाकून म्हटलं. एकट्या बाईनं तो बांध बांधून होत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी त्यानं डोळे मिटले, म्हणजे हो.