रुमालाखालचे आठ दिवस

मला दोघांनी फसवलं. पहिले माझे मालक आप्पाण्णा, सांगलीच्या पेठेतले हळदीचे अडते. दुसऱ्याचं नाव मला पाच वर्षं उशिरा कळलं, म्हणून इथंही ते उशिराच येईल. माझ्या गावात, म्हसवडात, राहिलेल्यांनी आणि माझ्यासारखं गाठोडं बांधून निघालेल्यांनी, दोघांनीही हे वाचावं.

सांगलीला नोकरीला म्हणून मी गाव सोडलं तेव्हा लढाई चालू होती. पेट्रोल मिळत नव्हतं. मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची आणि चढ आला की उतारूंनी ती ढकलायची. माझा थोरला भाऊ, दादा, पहिला चढ संपेपर्यंत आमच्याबरोबर ढकलत आला. वडील निघताना एवढंच म्हणाले होते, "तराजूच्या काट्याकडं बघ, माणसाच्या तोंडाकडं बघू नगंस." मोटार सुटली तेव्हा दादा रस्त्यात उभा राहून हातांची काजळी धोतराला पुसत होता. माझ्या डोक्यात मात्र एकच विचार, कोळशावर इंजिन चालतं कसं? त्या नादात मागं वळून बघायचं राहून गेलं.

आप्पाण्णांकडं मी कारकून झालो. पेठेत हळदीचा भाव कोणी तोंडानं बोलत नसे. अडत्या हातावर रुमाल टाकायचा, व्यापारी त्याखाली हात घालून त्याची बोटं दाबायचा, आणि जितकी बोटं तितका आकडा. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नसे. ही विद्या मी महिन्याभरात उचलली. घासाघीस माझ्या अंगातच होती; बोटं दाबून समोरच्याला घाम फोडण्यात मला मजा यायची.

त्याच सुमाराला कळलं, की एका शाळेच्या खोलीत सकाळी सहा ते आठ कॉमर्सचा वर्ग भरतो. नोकरी करणाऱ्यांसाठी दोन वर्षांचा डिप्लोमा, शेवटची परीक्षा पुण्याला. मी नाव घातलं. वर्गात बँकेतले, कचेरीतले स्वच्छ कपड्यांचे लोक असत. माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर पिवळा अंगठा उमटलेला असे. पण विमा म्हणजे काय, हुंडी परदेशात कशी वटते, बुडालेल्या जहाजातल्या मालाचा मालक कोण, हे ऐकताना मला भूक लागलेली कळत नसे.

एकदा सर कराराचा कायदा शिकवत होते. मी उभा राहून विचारलं, रुमालाखाली ठरलेला सौदा करार होतो का? वर्ग हसला. सर हसले नाहीत. पुढच्या बाजाराला ते कोट-टोपी घालून पेठेत आले आणि माझ्या रुमालाखाली हात घातला. मी बोटं दाबली तसे ते लहान मुलासारखे खुलले. जाताना म्हणाले, "कागद नाही, साक्षीदार नाही, आणि तरी कोणी मोडत नाही. का मोडत नाही, ते शोधा."

मी शोधू लागलो. हमालांना विचारलं, शिराळ्याकडून माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांना विचारलं. एक म्हातारा दलाल म्हणाला, "मोडला तर उद्या हात कोण धरंल रं तुजा?" मी तेच उत्तर वहीत लिहिलं.

माझी पुण्याची परीक्षा ऐन हंगामात येणार होती. रजेचं बोलणं चारचौघांत नको म्हणून आप्पाण्णांनी स्वतःच रुमाल टाकला आणि हळूच विचारलं, किती दिवस? मी दहा दाबले. त्यांनी पाच. आठावर सौदा ठरला. बदल्यात दोन वर्षं मी दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची नाही. परीक्षा येईपर्यंत मी ते पाळलं. शेजारच्या दुकानानं दोनदा बोलावलं, तरी गेलो नाही.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी निघायचं म्हटलं, तर आप्पाण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले, "जायाचं न्हाई. हाताचा सौदा हळदीचा असतो, माणसाचा न्हवं."

माझं डोकं फिरलं. भरल्या पेठेत मी त्यांचा रुमाल काट्यावर फेकला, नाही नाही ते बोललो आणि नोकरी सोडली. पण परीक्षेला मालकाचा नोकरीचा दाखला लागायचा. ज्याला शिव्या दिल्या त्याच्याकडं तो मागायला मी गेलो नाही. पुढच्या वर्षी सर बदलून गेले आणि वर्ग बंद पडला. डिप्लोमा राहिला तो राहिलाच.

आज माझा स्वतःचा गाळा आहे, सांगलीच्याच विश्रामबागेत भाड्याचं का होईना बिऱ्हाड आहे. पेठेत मी आप्पाण्णांशी पाच वर्षं बोललो नाही. गेल्या महिन्यात ते अंथरुणाला खिळले आणि त्यांनी मला बोलावणं धाडलं. मी गेलो, भांडायच्या तयारीनंच गेलो. त्यांनी उशीखालून एक पोस्टकार्ड काढून दिलं. अक्षर दादाचं होतं.

"धाकट्यास परीक्षेस सोडू नये. पास झाल्यास तो मुंबईस जाईल, मग आमचा राहणार नाही. हे त्यास कळू देऊ नये."

"आवं, मग मला सांगायचं होतं," मी म्हणालो.

"घरातल्या थोरल्याचा शब्द कसा मोडू?" आप्पाण्णा म्हणाले. "आन् माझ्यावर चिडलास ते बरंच झालं. घरावर चिडला असतास, तर गावच्या यात्रेला तरी गेला असतास का गड्या?"

दादा, दरवर्षी सिद्धनाथाच्या यात्रेला मी म्हसवडला आलो. तुझ्या पंगतीला बसून आप्पाण्णांना शिव्या दिल्या. तू भाकरी मोडत म्हणायचास, "यापारी तसलेच." घर म्हणजे जिथं माझी बाजू ऐकून घेतात ती जागा, असं मी इतकी वर्षं समजत होतो. आता घर म्हणजे तू, आणि तुझ्याकडून यायचं राहिलेलं उत्तर.

राग आहेच. पण त्याहून मोठं कुतूहल आहे. मी मुंबईला जाईन असं मलासुद्धा कधी वाटलं नव्हतं. तुला ते कशावरून वाटलं? माझ्यात काय बघितलंस तू, जे मला अजून दिसलेलं नाही? कार्ड धाडू नकोस, कुणाबरोबर निरोप देऊ नकोस. येत्या शुक्रवारी मी मोटारीनं येतोय. आईला समोर बसव आणि तिच्यादेखत तोंडानं सांग.